वानोळ्याच्या चौदा पिशव्या

पुंजा गुरुजींनी नव्याचा दिवस ठरवला तेव्हा त्यांना एकच काळजी होती, पाट्या रंगवणारा लियाकत वेळेवर येतो की नाही. बाकी सगळं घरचं होतं. हळवं, लवकर पिकणारं भात कापून झालं होतं, नवा तांदूळ सडून ठेवला होता, दिवाळीला आठ दिवस होते आणि जामसरच्या त्या घरात चौदा घरची माणसं जेवायला यायची होती. कणसरीला, धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय या घरात कुणी नव्या भाताचं शीत तोंडात घालत नाही, आणि सगळे जमल्याशिवाय कणसरीला दाखवत नाहीत. हे गुरुजींच्या आजापासून चालत आलं होतं. यंदा गुरुजींनी त्यात आपली एक भर घातली होती. जेवणाआधी सगळ्यांदेखत दाराच्या चौकटीवर एक सागवानी पाटी लागणार होती. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं: डॉ. उज्ज्वला पुंजा भोये, आणि खालच्या ओळीत, शास्त्रज्ञ.

आणि सकाळी आठ वाजता, चहाचा कप हातात असताना, त्याच डॉ. उज्ज्वलाने बापाला सांगितलं की तिने प्रयोगशाळा सोडायचं ठरवलं आहे.

"सोडायची म्हणजे? रजा टाकायची?"

"नाही बाबा, राजीनामा. एक मोठा प्रकल्प सुरू होतोय, जव्हार-मोखाड्यातल्या जुन्या भातांचा. तीन संस्था, बावीस गावं, पाच वर्षं. तो चालवायला मला बोलावलंय."

"चालवायला."

"व्यवस्थापक म्हणून. कुणी कुठलं बी कधी पेरायचं, कुठल्या प्रयोगशाळेने काय तपासायचं, कोण कुठे अडलंय, गावांना काय कळवायचं, ते सगळं एका जागी बसून बघायचं. आणि बसून कमी, हिंडून जास्त."

गुरुजींनी कप खाली ठेवला. "आणि सूक्ष्मदर्शक?"

गुरुजींच्या मनातला शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाशिवाय पुरा होत नसे. जव्हारच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रकापासून शेंगा विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना त्यांनी ते यंत्र हातांनी वळवून दाखवलं होतं. खरं तर उज्ज्वलाने दहा वर्षांत सूक्ष्मदर्शकाला क्वचितच डोळा लावला असेल. तिचं काम भाताच्या जनुकांचं, म्हणजे मोठ्या यंत्रातून निघणाऱ्या अक्षरांच्या लांबच लांब रांगा वाचायचं. पण बापाचा आनंद कशाला मोडा, म्हणून तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"ते बाकीचे बघतील," ती म्हणाली.

"आणि तू फायली बघणार."

यावर तिने दोन्ही कप उचलले आणि गुरुजी अंगणाकडे बघायला लागले. कारण ते वाक्य त्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

बारा वर्षांपूर्वी उज्ज्वला बी.एस्सी. झाली, तेव्हा गुरुजींचा धाकटा भाऊ हेमंत कारकुनाच्या भरतीचा अर्ज घेऊन याच पडवीत आला होता. हेमंत स्वतः जव्हारला एका कचेरीत कारकून. पुतणीचं भलं व्हावं, एवढाच त्याचा हेतू. गुरुजींनी तो अर्ज उभा फाडला आणि भरल्या घरात म्हणाले, "माझी पोरगी फायली चाळायला जन्माला आलेली नाही." हेमंत तोवर वीस वर्षं फायली चाळत होता. तो चपला घालून निघून गेला. पुढे दोन्ही भाऊ एकमेकांच्या लग्नकार्यात राबले, दुखण्याखुपण्याला धावून गेले, पण सरळ बोलणं म्हणून राहिलं नाही. सगळं गुरुजींच्या बायकोच्या, चंदाच्या, तोंडून जायचं. "वहिनी, दादांना सांगा," आणि "चंदा, त्याला विचार." तेही एकाच चटईवर मांडीला मांडी लावून बसलेले असताना. बिचाऱ्या चंदाने बारा वर्षं दोघांचं टपालखातं एकटीने सांभाळलं होतं.

"तुम्ही हो म्हणालात तर सही करीन," उज्ज्वला म्हणाली. "पत्र आणलंय. उद्या पोचायला हवं. नाही म्हणालात तर पुण्याला परत जाईन, आणि तोंड वाकडं न करता जाईन. पण मला हे करायचंय, बाबा. मनापासून करायचंय."

"पण का?"

"दहा वर्षांत तीन कामांवर होते मी. त्यातली दोन बंद पडली. विज्ञान चुकलं म्हणून नाही. एकदा बी पेरणी होऊन गेल्यावर पोचलं. एकदा दोन संस्थांनी एकाच जातीला दोन नावं दिली, ते दीड वर्षाने कळलं. आणि ज्यांच्या कणगीतलं बी नेलं त्यांना पुढे काय झालं ते कुणी सांगितलंच नाही. काशीआत्याने मला तीनदा विचारलं, माझ्या चिमणसाळीचं काय झालं गं. मी काय सांगणार होते? प्रयोगशाळेत माझ्यासारखे दहा जण आहेत, बाबा. हे सगळं जुळवून आणणारं कुणी नाही. आणि मला ते जमतं. करताना मजा येते."

गुरुजींना तिचं म्हणणं पटत होतं, आणि तीच तर अडचण होती. पटलं असं कबूल केलं की बारा वर्षांपूर्वीचं ते वाक्य गिळणं आलं, आणि तेही हेमंतच्या समोर, नव्याच्या पंगतीत. त्यापेक्षा कारल्याचा रस बरा.

"जेवणं होऊ दे," ते म्हणाले. "मग सांगतो."

मग ते आत गेले आणि चंदाला हळूच म्हणाले, "लियाकतला फोन लाव. म्हणावं, पाटी आज नको."

फोन लियाकतच्या बायकोने, झरीनाने उचलला. मागून गाडीचा आवाज येत होता. "आम्ही निघालो पण, भाभी. पाटी माझ्या मांडीवर आहे. फार देखणी झालीय."

*

दहाच्या सुमाराला माणसं यायला लागली. सगळ्यांत आधी मोखाड्याहून काशीबाय आली, गुरुजींची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर काकड्यांचं टोपलं, मागे सून-नातवंडांची रांग. आल्या आल्या तिने चुलीचा ताबा घेतला. कोणती हंडी कुठे चढवायची, कुणी नारळ फोडायचे, काकडीच्या किसाची सावेली कुणी पानात गुंडाळायची, हे ती चप्पल काढतानाच ठरवून मोकळी झाली. हेमंतची बायको चैती आली तेव्हा काशीबायने तिच्या सावेलीचं पीठ बोटावर घेऊन पाहिलं आणि "घट्ट झालंय" एवढंच म्हणाली. चैती दरवर्षीसारखी फणकारली आणि दरवर्षीसारखंच तिने गुपचूप त्यात पाणी घातलं.

लियाकत स्कूटरवरून उतरला तो हातात जुन्या ओढणीत गुंडाळलेली पाटी धरूनच. तो आणि गुरुजी जव्हारला एका बाकावर शिकलेले. गावात अर्ध्या दुकानांवर लियाकतच्या हातची अक्षरं होती.

"खालची ओळ खडूत ठेवलीय," तो गुरुजींना म्हणाला. "रंग इथे भरणार, सगळ्यांच्या समोर. त्याशिवाय काय मजा, यार?"

"दुपारी बघू."

लियाकतने मित्राच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तब्येत बरी आहे ना तुझी? या पाटीसाठी महिनाभर माझं डोकं खाल्लंस, आणि आता दुपारी बघू?"

गुरुजींनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली, ओढणी न काढता. तेवढ्यात हेमंत आला. शर्टाच्या खिशाला निळं पेन, हातात रजिस्टर. रविवारीही रजिस्टर, कारण येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवल्याशिवाय त्याला पंगत पंगत वाटत नसे. त्याने पाटीकडे पाहिलं, उज्ज्वलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि चंदाला म्हणाला, "वहिनी, दादांना सांगा, बसायच्या चटया कमी पडतील."

"चंदा, त्याला सांग, मी मोजल्यात."

उज्ज्वलाने हे पाहिलं आणि ओठ चावला.

त्यानंतर ती आतल्या खोलीत गेली. मग तिची हाक आली. हाक मोठी नव्हती, पण गुरुजी उठले.

आत कणगीजवळ पाटावर चौदा पिशव्या ओळीने मांडलेल्या होत्या. पांढऱ्या मांजरपाटाच्या. झरीनाने शिवलेल्या, लियाकतने एक ते चौदा आकडे रंगवलेल्या. गेला आठवडाभर रजा टाकून उज्ज्वला वांगणीपासून मोखाड्याच्या पलीकडपर्यंत हिंडली होती आणि एकेका घरातून एकेका जुन्या जातीचं राखलेलं बी तिने त्यात घेतलं होतं. कुणी शेरभर दिलं, कुणाकडे ओंजळभरच उरलं होतं. उद्या त्या पुण्याला जायच्या होत्या. प्रकल्पाचं पहिलं बी होतं ते.

आता चौदाही पिशव्या सारख्याच फुगलेल्या होत्या. सुतळीने गळे आवळून, वर झेंडूचं एकेक फूल.

"वानोळा बांधून ठेवलाय," काशीबाय मागून म्हणाली. स्वर कौतुकाच्या अपेक्षेचा. "तू बी कशी गं पोरी? चौदा घरं, चौदा पिशव्या, इथवर बेस केलंस. पण एकीत शेर आन एकीत ओंजळ? नव्याच्या दिशी माणूस असा दुजाभाव करतो का? मी समदं टोपल्यात वतलं, हलवलं आन सारखं भरलं. कोणाला दाणा कमी नाय."

या घरातून नव्याला आलेला माणूस घरच्या बियाण्याचा वानोळा घेतल्याशिवाय परत जात नाही, आणि तो सगळ्यांना सारखा मिळतो. काशीबायच्या बापाने घालून दिलेली ही रीत तिने साठ वर्षं पाळली होती, आणि आज तर डोळ्यांत तेल घालून पाळली होती.

"आत चिठ्ठ्या होत्या," उज्ज्वला म्हणाली.

"कागद व्हते. चुलीत घातले."

दारात चंदा, चैती, झरीना, हेमंत, लियाकत, सगळे जमा झाले. काय झालं ते हेमंतला आधी कळलं. चौदा जातींचं बी एकात एक मिसळलं होतं. कुणी तरी ते काशीबायला समजावून सांगितलं आणि तिचा चेहरा असा उतरला की गुरुजींना बघवेना.

आणि गुरुजींच्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं. क्षणभर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. चला, बी गेलं, प्रकल्पाला अपशकुन झाला, पोरगी परत प्रयोगशाळेत जाईल, पाटी खरी होईल. दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते कणगीकडे तोंड करून उभे राहिले.

उज्ज्वला उंबऱ्यावर बसली होती. आता ही रडणार, असं सगळ्यांना वाटलं. तिचे खांदे हललेही. पण ती हसत होती.

"दीड कोटीचं यंत्र आहे आमच्याकडे," ती डोळे पुसत म्हणाली. "पण त्याच्यासमोर काय काय संकटं येतील त्या यादीत आत्या नव्हती." मग तिने काशीबायचा हात धरला. "आत्या, एक सांग. या ढिगात तुला तुझी चिमणसाळ ओळखता येईल?"

काशीबायला एवढ्या दुःखातही राग आला. "माजं पोर गर्दीत ओळखता येनार नाय व्हय मला?"

"मग बाकीची पोरंही कुणाकुणाची आहेत ना. चला."

*

पुढे जे घडलं ते गुरुजींनी पडवीतल्या खांबाला टेकून पाहिलं, आणि पाहता पाहता त्यांचा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही.

उज्ज्वलाने आधी भात शिजवणं थांबवलं नाही, मंद केलं. मग एकूणएक पिशवी अंगणात ताडपत्रीवर ओतायला लावली. गुरुजी म्हणाले, "सात-आठ किलो आहे. दाणा दाणा निवडायला दिवाळी उजाडेल."

"सगळं नाही निवडायचं, बाबा. दर जातीचे पाचशे दाणे पुरेत. उरलेलं वानोळ्याला, आत्याच्या रीतीप्रमाणे."

मग तिने फोनमधले फोटो उघडले. प्रत्येक पिशवी भरताना तिने दाणे तळहातावर घेऊन फोटो काढलेला होता, खाली गावाचं आणि घराचं नाव. एकेक फोटो ती बायकांमध्ये फिरवत गेली आणि प्रत्येकीला विचारत गेली, तुझ्या माहेरी कुठलं भात होतं, तू काय काय पेरलंयस, काय सडलंयस. ज्या जातीशी जिचे हात ओळखीचे, ती जात तिला. चैतीचं माहेर वांगणीकडचं, तिला काळ्या कुसळाचं सात नंबर. झरीनाला भात ओळखता येत नव्हतं, पण तीस वर्षं सुईत दोरा ओवलेली नजर होती. तिलाही काळ्या कुसळाचंच, पण आखूड, गोल दाण्याचं अकरा नंबर, ओळखायला सोपं. दोन गरव्या, उशिरा पिकणाऱ्या जाती, मोखाड्याकडची तीन आणि वांगणीकडची नऊ, फारच सारख्या दिसत होत्या. त्या तिने काशीबाय आणि चैती या दोघींकडे मिळून दिल्या, आणि दोघींना एकाच सुपाशी समोरासमोर बसवलं.

"हिच्यासंगं?" काशीबाय म्हणाली.

"दोघींचं एकमत झालं तरच दाणा पिशवीत," उज्ज्वला म्हणाली आणि पुढे गेली.

लियाकतने पळसाच्या पानांवर आकडे रंगवून चौदा द्रोण मांडले. त्यातल्या एकावर कोंबडी बसायला आली तेव्हा त्याने तिला शेजारच्या द्रोणाचा नंबर वाचून दाखवला. अंगणात हसू उसळलं. बायका निवडता निवडता बोलायला लागल्या, कुठल्या भाताची पेज गोड, कुठलं भात पावसात लोळतं, कुठल्या भातावर कुणाचं लग्न ठरलं होतं. उज्ज्वला मधून मधून ऐकत होती आणि त्यातलं काहीबाही वहीत टिपत होती. एकीकडे तिने पुण्याला फोन लावला. "सगळ्या नमुन्यांतले वीस-वीस दाणे आधी तपासायचे. हो, मिसळलं होतं. नाही, लपवायचं कशाला, तसं लिहूनच पाठवते. बुधवारी यंत्र मोकळं आहे ना? मग मी धरून चालते." आवाज चढलेला नव्हता, पण समोरचा नाही म्हणणार नाही असा होता.

हा सूर गुरुजींनी कुठे ऐकलाय ते त्यांना आठवेना. मग आठवलं. काशीबाय दीडशे माणसांची पंगत बसवते तो हा सूर. मुलीने सूक्ष्मदर्शकाचं वेड कुठून आणलं हे गुरुजींना कधीच कळलं नव्हतं, घराण्यात कुणी तसं नव्हतं. पण हे कुठून आलं ते त्यांच्या डोळ्यांसमोर सुपात दाणे पाखडत बसलं होतं.

"बाबा, काका, तुम्ही दोघं इथे," उज्ज्वला म्हणाली. "बाबा मोजतील आणि पिशवीत भरतील. काका लिहितील. कुणी निवडलं, कुणी पडताळलं, किती दाणे, किती वाजता."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. तिने अगदी निरागस चेहरा केला.

तासभर भाऊ भाऊ शेजारी बसले. गुरुजी वर्गात हजेरी घ्यावी तसे मोठ्याने मोजत, हेमंत लिही. मध्ये बोलायची गरज पडली की दोघेही चंदाकडे वळत. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा चंदा सुपातून मान वर न करता म्हणाली, "मी दाणे निवडतेय. तुमचं तुम्ही बघा."

झरीनाचा ढीग आला. काळ्या कुसळांचा, द्रोणावरचा आकडा हाताळून पुसून गेलेला. गुरुजींनी पाचशे मोजले, समोरची पिशवी उघडली, द्रोण तिरका केला. हेमंत सवयीने म्हणाला, "वहिनी, दादांना..." पण तेवढा वेळ नव्हता. त्याने पुढे होऊन थोरल्या भावाचं मनगट धरलं.

"दादा, ओतू नका."

गुरुजींचा हात थांबला. द्रोणातून एक दाणा खाली पडला होता, तो पिशवीच्या बाहेर, चटईवर.

"ती सात नंबरची पिशवी आहे," हेमंत म्हणाला. "सात मघाशीच भरलं, चैतीकडून आलेलं. हे झरीनाभाभीकडून आलं. भाभीकडे अकरा होतं."

"दोन्हींना काळं कुसळ आहे. तुला कसं कळलं?"

"मला भातातलं काही कळत नाही, दादा. लिहिलंय ते वाचलं."

त्याने रजिस्टर वळवून दाखवलं. रेघोट्या मारलेले रकाने, मोत्यासारखं अक्षर, प्रत्येक ओळीत नाव, आकडा, वेळ. एकही खाडाखोड नाही. गुरुजींनी चष्मा पुसला आणि ओळीमागून ओळ वाचत गेले. ते पाचशे दाणे आत गेले असते तर सात नंबर गेलं असतं आणि अकराही. यंत्र दीड कोटीचं असो की दोन कोटीचं, त्याने गोंधळच वाचला असता. या सगळ्या अंगणाची मेहनत ज्या एका गोष्टीवर तरली होती ती म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचं बत्तीस वर्षांचं फायली चाळणं.

"हेमंत," ते म्हणाले. "तेव्हा मी जे बोललो..."

"बारा नंबर मोजा, दादा. मागे पडलंय."

"मला बोलू दे."

"बोलताय ते पुष्कळ झालं," हेमंत म्हणाला, आणि रजिस्टरवर मान घातली. पण त्याचं अक्षर त्या ओळीत जरासं हललं होतं, तेवढी एकच ओळ.

गुरुजींनी बारा नंबर मोजायला घेतलं आणि दोनदा चुकले. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं. हेमंत दोन्ही वेळा थांबून राहिला.

दोन वाजता बारा पिशव्या तयार झाल्या. तीन आणि नऊ यांच्यावर मात्र काशीबाय आणि चैती यांचं एकमत होईना. दोघी आता इतक्या रंगात येऊन भांडत होत्या की मधेच काशीबायने चैतीला एक सावेली भरवली. उज्ज्वलाने वाद थांबवला. "नाही जमत तर नाही. तीन आणि नऊ मिश्र म्हणून वेगळं लिहू. ते बी पुन्हा आणू. तीन नंबर आत्याच्या शेजारचंच आहे. नऊ नंबर कुणाचं?"

"वांगणीची कमू," हेमंत फोटोखालचं नाव वाचून म्हणाला. "मी जातो उद्या. मला वाट ठाऊक आहे."

काशीबाय उज्ज्वलाजवळ सरकली. "पोरी, औंदा तरी सांगशील ना, माज्या चिमणसाळीचं काय जालं ते?"

"लिहून देईन, आत्या. आणि येऊन वाचूनही दाखवीन."

*

अडीच वाजता कणसरीपुढे नवा भात ठेवला गेला आणि पंगत बसली. चटया पाच कमी पडल्या. गुरुजींनी ते स्वतः हेमंतला जाऊन सांगितलं, आणि हेमंत शेजारून चटया घेऊन आला. चंदाने हे पाहिलं आणि भात वाढता वाढता चैतीला म्हणाली, "सुटले गं बाई मी." त्या दिवशीचा भात इतका गोड लागला की लियाकतने तिसऱ्यांदा मागून घेतला आणि झरीनाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहणं सोडून दिलं.

पानं उचलल्यावर लियाकत रंगाचा डबा घेऊन उभा राहिला. पाटीवरची ओढणी काढली. पिवळ्यावर काळं नाव झळकलं, आणि त्याखाली खडूत, फिकट, शास्त्रज्ञ.

सकाळची गोष्ट एव्हाना सगळ्यांना कळली होती. अशा घरात असं काही दुपारपर्यंत टिकत नाही. सगळे गुरुजींकडे बघायला लागले. उज्ज्वला खांबाला धरून उभी होती.

"पूस ती ओळ," गुरुजी म्हणाले.

लियाकतने फडकं उचललं, पण हात पुढे गेला नाही. "नक्की? आणि लिहू काय तिथे? व्यवस्थापक?"

"काही लिहू नकोस. नाव राहू दे. खाली जागा ठेव."

"जागा कशाला?" हेमंत म्हणाला.

"काल एक होती, आज एक आहे. उद्या आणखी काय करेल मला काय ठाऊक? दर वेळी लियाकतला नवी पाटी करायला लावू?"

"पर आता ती हाय कोन, ते तं सांग," काशीबाय म्हणाली. "मोखाड्याला कोनी इचारलं तं काय सांगू?"

गुरुजींनी थोडा विचार केला. "सांग, चौदा घरची माणसं अडीच वाजेपर्यंत उपाशी ठेवून भात निवडायला लावते, आणि कुणी रुसत नाही."

अंगण हसलं, आणि त्या हसण्यात उज्ज्वला बापाजवळ आली. तिला हसायचंही होतं आणि रडायचंही, आणि तिने दोन्ही केलं.

"म्हणजे हो?"

"पत्र आण."

पत्र आलं. हेमंतच्या रजिस्टरावर ते ठेवलं. गुरुजींनी खिशातलं पेन काढून मुलीच्या हातात दिलं. तिने टोपण काढलं आणि थांबली. पेन लाल शाईचं होतं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गुरुजींच्या खिशात दुसरं पेन नसे.

"लालने सही चालत नाही, बाबा."

गुरुजी गोंधळले. त्यांनी खिसे चाचपले. तोवर हेमंतने आपल्या खिशाचं निळं पेन काढलं होतं आणि ते चंदाकडे नाही, थोरल्या भावाकडे धरलं होतं. गुरुजींनी ते घेतलं. मुलीला दिलं. तिने सही केली, खाली तारीख घातली आणि पेन परत बापाच्या हाती दिलं.

गुरुजींनी पेन हेमंतला दिलं नाही. टोपण घट्ट लावलं, आणि आपल्या खिशाला, लाल पेनाच्या शेजारी, अडकवून टाकलं. हेमंतने ते पाहिलं, आणि मागितलं नाही.